जुन्या ब्राँझसमोर पाय थांबतात, चौकातल्या नव्या पुतळ्यासमोर का थांबत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा होता की तंजावरला फिरायला गेलो होतो, तिथल्या राजवाड्यातल्या आर्ट गॅलरीत चोळांच्या काळातल्या ब्राँझच्या मूर्ती बघितल्या आणि हलताच येईना, मग गावी परत आल्यावर चौकात नवीन बसवलेला अश्वारूढ पुतळा बघितला आणि वाटलं की हजार वर्षांपूर्वी जमत होतं ते आज का जमत नाही, कारागीर संपले का? आणि जाता जाता हेही विचारलंय की घरात ठेवायला एखादी छोटी मूर्ती घ्यायची तर काय बघून घ्यावी. मी ओतकामातला माणूस आहे, म्हणजे शिकलो मातीकाम पण आयुष्य गेलं ते मेण, साचे आणि भट्टीत, त्यामुळे माझं उत्तर भट्टीच्या बाजूने असणार हे आधीच सांगून टाकतो. कलेचा इतिहास शिकवणारे लोक वेगळं सांगतील, त्यांचंही ऐका.

कारागीर संपले असं मला वाटत नाही. कमी झालेत हे खरं, पण हाताला अजून येतंय. गेलाय तो कामातला वेळ, आणि तो सगळीकडून सारखा गेलेला नाही, ठराविक दोन-तीन ठिकाणांहूनच गेलाय, आणि नेमक्या त्याच ठिकाणी पुतळ्यात जीव येत असतो. हे नीट समजून घ्यायचं तर आधी तुम्ही तंजावरला काय बघितलंत ते बघू.

तुम्ही थांबलात तो बहुतेक तिरुवेंकाडू गावचा वृषवाहन, म्हणजे नंदीसोबतचा शंकर, असणार, सगळे तिथेच थांबतात. इसवी सन १०११ चा आहे तो, शेजारची पार्वती त्याच्या पुढच्या वर्षीची. शंकर उभा आहे, एक पाय दुसऱ्यापुढून आडवा टाकलाय, जटांचा फेटा बांधावा तसा डोक्याला गुंडाळलाय, आणि एक हात कोपरात वाकवून हवेतच कशावर तरी टेकवलाय. तो हात नंदीच्या पाठीवर होता. नंदी हरवला, कधी आणि कसा देव जाणे, पण मूर्तीकडे दोन मिनिटं बघितलं की नंदी किती उंच असेल हे तुम्हाला सांगता येतं, कारण हाताचं वजन नंदीवर पडलेलं आहे, त्या बाजूचा खांदा जरा सैल सुटलाय, कमरेतला बाक त्याला धरून आलाय. माणूस टेकून उभा राहिला की शरीर जसं ढिलं पडतं ते इथे धातूत आहे, आणि तरी एकही स्नायू दाखवलेला नाही, एकही शीर नाही, सगळं अंग गुळगुळीत. मला विचाराल तर ओतकामातली ही सगळ्यात अवघड गोष्ट. सुरकुत्या, दागिने, दाढीमिशा यात चुका लपतात, गुळगुळीत पोटावर आणि पाठीवर काहीच लपत नाही. शक्य असेल तर अशा मूर्तींना मागून बघायचं, पाठीच्या पन्हाळीतून नजर खाली जाते तेव्हा कळतं करणाऱ्याला काय येत होतं.

आणि गंमत म्हणजे ह्या मूर्ती केल्या होत्या मिरवणुकीसाठी, पीठाला भोकं किंवा कड्या असतात त्यातून दांडे घालून उचलायच्या, आणि मिरवताना अंगावर रेशीम, दागिने, फुलं इतकं असायचं की चेहरा सोडून फारसं काही दिसायचंच नाही. म्हणजे ज्या पाठीवर आपण आज फिदा होतोय ती पाठ भक्तांना दिसणारच नव्हती. तरी केली.

कशी केली, तर मेणातून. मधमाशीचं मेण, त्यात राळ आणि थोडं तेल, हे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं कारण उन्हाळ्यात मेण मऊ पडतं. मूर्ती आधी पूर्ण मेणाची करायची, बोटांची नखं, कमरपट्ट्याची घडी, सगळं मेणातच. मग त्यावर कावेरीच्या गाळाची बारीक माती, तमिळमध्ये वंडल म्हणतात तिला, तिचा पहिला पातळ थर. हा पहिला थरच सगळं ठरवतो, कारण मेणावरचा ठसा तोच उचलतो. त्यावर शेतातली माती, त्यावर जाड वाळूमिश्रित माती, मोठी मूर्ती असेल तर लोखंडी तारा-सळ्यांनी बांधायचं. वाळलं की शेणीवर तापवायचं, मेण वितळून भोकातून बाहेर, आत पोकळी, त्यात वितळलेला धातू. साचा एकदाच वापरायचा आणि फोडायचा. दुसरी मूर्ती हवी असेल तर पुन्हा मेणापासून सुरुवात. चोळांच्या बहुतेक मूर्ती अशा भरीव ओतलेल्या आहेत, म्हणून आकाराच्या मानाने भयंकर जड.

ही विद्या फक्त तमिळनाडूची म्हणून सोडून देऊ नका. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, म्हणजे बाराव्या शतकात आपल्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर ज्यांचं राज्य होतं त्या घराण्यातला, त्याच्या मानसोल्लासात ही मेणाची पद्धत लिहून ठेवलीये, मेण तोलून घ्यायचं आणि त्या वजनाच्या हिशोबाने धातू घ्यायचा, तांबं-पितळ आठ-दहा पट, चांदी बारापट, सोनं सोळापट. आम्ही आजही वर्कशॉपमध्ये मेण काट्यावर ठेवतो आणि ढोबळ दहाने गुणतो, वर रनर-रायझरचं, म्हणजे साच्यात धातू जायच्या आणि वर यायच्या वाटांमध्ये भरणाऱ्या धातूचं, वेगळं धरतो. नऊशे वर्षांत हिशोब फारसा बदललेला नाही. आणि त्याच्याही कितीतरी मागे जायचं तर नगर जिल्ह्यातलं दायमाबाद, तिथे १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार ब्राँझ सापडले, बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा माणूस, म्हैस, हत्ती, गेंडा. चारही मिळून साठ किलोच्या वर वजन. काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, बरेच जण उत्तर हडप्पा काळातले मानतात. आपल्या मातीत ही कामं निघालीयेत, त्यामुळे आपल्याला धातूची परंपराच नव्हती हे म्हणणं मला पटत नाही.

आता हात गेले का, याला माझ्याकडे एक उत्तर आहे आणि ते जरा चोरीचं आहे. तमिळनाडूत शिवपुरम गावात १९५१ मध्ये जमिनीतून काही मूर्ती निघाल्या, त्यात एक दहाव्या शतकातला नटराज. काही वर्षांनी तो दुरुस्तीसाठी एका स्थपतीकडे, म्हणजे परंपरेने मूर्ती घडवणाऱ्या कारागिराकडे, दिला गेला, आणि परत आली ती नक्कल. खरा नटराज हातोहात विकला जाऊन शेवटी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नॉर्टन सायमन यांच्या संग्रहात पोचला, १९८६ मध्ये परत मिळाला. देवळात मात्र मधली कितीतरी वर्षं नकलेचीच पूजा होत होती आणि कुणाला पत्ता नव्हता, १९६५ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी पुस्तकात लिहिलं की ही मूर्ती खरी नाही तेव्हा बोभाटा झाला. चोरी ती चोरी, तिचं कौतुक नाही. पण ओतकामाच्या नजरेने बघा, १९५०च्या दशकात तिथे असा माणूस होता ज्याच्या हातची नक्कल दहाव्या शतकातल्या मूर्तीच्या जागी बसली आणि रोज अभिषेक करणाऱ्यांनाही शंका आली नाही. त्याच्यासमोर अस्सल मूर्ती होती, भरपूर वेळ होता आणि चांगलं करण्याला कारण होतं (वाईट का असेना). ह्या तिन्ही गोष्टी आज एकत्र कुठे मिळतात सांगा.

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ स्वामीमलईला आजही हे मूर्ती ओतायचं काम चालतं, जीआय टॅगही आहे, गेलात तर बघायला देतात. नारळाच्या पातीची पट्टी घेऊन तिला घड्या घालून माप काढतात, चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, त्याची बारा अंगुळं, त्यावरून सगळं अंग. ती पट्टी हातात धरली की कुठलीही मूर्ती कुठल्याही उंचीत बसवता येते, मोजपट्टी लागत नाही. पण तिथेही एक फरक पडलाय आणि जाणकार तो बोलून दाखवतात. जुन्या मूर्तींत बारकावा मेणातच व्हायचा, धातूवर छिन्नी कमी चालायची, म्हणून कडा मऊ आणि रसाळ असतात. आता मेणाचं काम आटोपशीर करून नक्षी नंतर धातूवर छिन्नीने काढतात. त्याने दागिने खणखणीत उठतात, फोटोत छान दिसतात, गिऱ्हाईक खूश होतं, पण सगळं जरा कोरडं आणि टोकदार होतं. का करतात, तर मेणावर महिनाभर बसणारा माणूस मिळत नाही आणि मेणावरच्या महिन्याचे पैसे कुणी देत नाही.

आता आपला चौक. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, तंजावरच्या मूर्ती आणि आपल्याकडचे पुतळे एका घराण्यातले नाहीत. स्थपती समोर माणूस बसवून काम करत नाही, ध्यानश्लोक, म्हणजे देवाचं रूप सांगणारे श्लोक, आणि ताल यावरून करतो. आपल्याकडचा चौकातला पुतळा इंग्रजांबरोबर आला, मुंबईला १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि मॉडेल समोर बसवून हुबेहूब मातीकाम करायचं शिक्षण तिथून रुजलं. सुरुवातीला मोठी ब्राँझ विलायतेहून ओतून यायची. मुंबईचा काळा घोडा घ्या, एडवर्ड सातवा प्रिन्स ऑफ वेल्स असतानाचा, बोहेम नावाच्या शिल्पकाराचा, १८७९ चा. १९६५ मध्ये तो राणीच्या बागेत हलवला, आज मूळ जागी २०१७ पासून स्वाराशिवायचा नवा घोडा आहे. राजा कोण होता हे लोक विसरले, शिल्पकाराचं नाव तर कुणाला माहीतच नाही, पण ब्राँझचा काळा रंग एवढा डोळ्यात भरला की अख्ख्या भागाला त्याचं नाव पडलं. राणीच्या बागेत पेंग्विन बघायला जाणाऱ्यांनी पाच मिनिटं तिकडेही वाकडी वाट करावी.

मग आपले शिल्पकार आले. म्हात्रे, फडके, तालीम, करमरकर, पुढे साठे. माझा जीव करमरकरांवर. विनायक पांडुरंग करमरकर, अलिबागजवळच्या सासवण्याचे, लहानपणी गावातल्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावरचे शिवाजी महाराज काढले होते ते ऑटो रॉथफील्ड नावाच्या इंग्रज कलेक्टरने बघितले आणि पोराला जे. जे.ला पाठवायची सोय केली. पुढे ह्याच पोराने पुण्यात शिवाजीनगरला जो अश्वारूढ पुतळा केला तो १९२८ मध्ये उभा राहिला, आजही एसएसपीएमएस शाळेच्या आवारात आहे. माझगाव डॉकमध्ये ओतला, आणि एवढा मोठा पुतळा तुकड्यांत न करता एकाच ओतीत ओतल्याचं सांगितलं जातं. ओतकाम न केलेल्या माणसाला यातली भीती कळणार नाही. कित्येक टन धातू एका वेळी वितळलेला तयार हवा, सगळ्या मुशी किंवा भट्ट्या एका ठेक्यात सुटायला हव्यात, मध्ये धार तुटली, दोन-चार सेकंदं जरी, तरी आधी गेलेला धातू थिजतो आणि नंतरचा त्याला चिकटत नाही, तिथे कोल्ड शट येतो, म्हणजे आतून चीर. साच्यात कुठे ओल राहिली असेल तर वाफ होऊन धातू बाहेर उसळतो, माणसं भाजतात. एवढं करून साचा फोडेपर्यंत आत काय झालंय ते कुणालाच माहीत नसतं. आज आम्ही सुद्धा असा प्रयोग करणार नाही, तुकडे ओतून वेल्डिंग करू, आणि त्यात काही कमीपणा नाही, तुकड्यांत ओतलेलं ब्राँझ उत्तम असू शकतं. फरक पुढच्या कामात पडतो.

तर आता मूळ मुद्दा, वेळ कुठून कापला गेला.

पहिला मातीतून. पूर्वी पूर्ण आकाराचं मातीकाम व्हायचं. लोखंडी पाइप-सळ्यांचं आर्मेचर, म्हणजे आतला सांगाडा, त्यावर माती, शिल्पकार शिडीवर चढून उतरून लांब जाऊन बघणार, पुन्हा चढणार. घोडा करायचा तर पागेत जाऊन घोडे बघणार. आता दोन फुटाचं मॉडेल करतात, स्कॅन करतात, मशीन थर्माकोलमध्ये वीस फूट कापून देतं, वर मातीचा किंवा फायबरचा हात मारला की झालं. मशीनला माझा विरोध नाही, पूर्वीही मापं उचलून आकार मोठा करायची पॉइंटिंग मशीन होतीच. पण दोन फुटांवर जे छान दिसतं ते वीस फुटांवर, आठ फुटांच्या चौथऱ्यावर चढवून खालून बघितलं की तसंच दिसत नाही. खालून बघताना डोकं लहान होतं, हनुवटी आणि घोड्याचं पोट मोठं होतं, डोळे भुवयांखाली गायब होतात. जाणता शिल्पकार पूर्ण आकारात काम करताना डोकं थोडं मोठं घेतो, मान थोडी पुढे घेतो, डोळ्यांची खोली वाढवतो जेणेकरून सावली पडेल. हे सगळं डोळ्याने जागेवर करायचं काम आहे, ते न करता नुसतं मोठं केलं की मोठं झालेलं खेळणं दिसतं. तुमच्या चौकातल्या घोड्याचं नेमकं काय खटकतंय असं वाटलं तर दहात आठ वेळा हेच असतं.

दुसरा मेणातून, आणि हा सगळ्यात मोठा घाव. चांगल्या पद्धतीत मातीवरून साचा, साच्यातून पाच-सहा मिलिमीटर जाडीचं पोकळ मेण, आणि ते मेण शिल्पकार स्वतः पुन्हा हातात घेतो. साच्याच्या जोडाच्या रेषा काढायच्या, बुडबुडे भरायचे, ओठाची कड, पापणी, बोटांमधली फट पुन्हा जिवंत करायची. मग आत गाभा, बाहेर प्लास्टर आणि विटकरीच्या भुकटीचा साचा, भट्टीत कित्येक दिवस मंद भाजणं, मग ओतणं. आता बरेच ठिकाणी मेण गाळूनच टाकलंय. फायबरचं मॉडेल घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे, वाळूत दाबायचे, त्यात गनमेटल, म्हणजे ब्राँझचाच एक प्रकार, ओतायचं. स्वस्त आणि झटपट. वाळूत ओतकाम चांगलं होत नाही असं नाही, मुरलेला माणूस वाळूतही कमाल करतो, पण घाईतल्या वाळूत बारीक ठसा उतरत नाही, ओठ नुसती एक चीर होऊन येतात.

तिसरा चेसिंगमधून. ओतून आल्यावर जे तुकडे जोडले त्यांचे वेल्डिंगचे उंचवटे घासून सपाट करायचे आणि मग त्यावरून शेजारचा पोत पुढे चालवायचा, म्हणजे मातीत शिल्पकाराच्या बोटाचा किंवा हत्याराचा जो माग आहे तो धातूवर पंचने ठोकून पुन्हा उठवायचा, जोड सापडता कामा नये. ह्या कामाचे पंच बाजारात मिळत नाहीत, प्रत्येक चेसर स्वतःचे घडवतो, टूल स्टीलची कांडी तापवून, टोकाला हवा तसा पोत देऊन, पाणी पाजून. माझ्या माहितीतल्या एका जुन्या कारागिराकडे पत्र्याच्या डब्यात असे शंभरावर पंच होते, एक निव्वळ मिशीसाठी, एक घोड्याच्या नाकपुडीच्या आतल्या बाजूसाठी, आणि डब्याला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. आता अँगल ग्राइंडर फिरवतात. ग्राइंडरला गाल आणि शाल यातला फरक कळत नाही, सगळीकडे एकच पोत येतो.

आणि शेवटी रंग. खरा पॅटिना म्हणजे ब्राँझ ब्लो लॅम्पने तापवून त्यावर रसायनं लावून धातूचाच रंग बदलणं, फेरिक नायट्रेटने तपकिरी-तांबूस, कॉपर नायट्रेटने हिरवट, गंधकाच्या संयुगाने काळा, थरावर थर, आणि गरम असतानाच वरून मेण. खालचा धातू त्यातून श्वास घेतल्यासारखा दिसतो, उन्हाप्रमाणे बदलतो. आता काय करतात तर ब्राँझ पावडर मिसळलेला लॅकर नाहीतर सरळ ऑइल पेंट. इतका खर्च करून ब्राँझ ओतायचं आणि ते ब्राँझ दिसू नये म्हणून वर ब्राँझच्या रंगाचा पेंट मारायचा, हे मला आजवर उमगलेलं नाही. वर दरवर्षी जयंतीच्या आदल्या रात्री उत्साही मंडळी पुतळा चिंच नाहीतर पितांबरी लावून घासतात, किंवा सोनेरी रंगाचा डबा आणतात. घरातली समई घासा हो, पण पुतळ्याची ती काळसर साय घालवू नका, ती मळ नाहीये.

आता हे सगळं का झालं याचा दोष कारागिराला देणं सोपं आहे, पण ऑर्डर कशी येते ते बघा. पहिला प्रश्न असतो किती फुटी. शेजारच्या गावात बारा फुटी आहे, आम्हाला पंधरा फुटी पाहिजे. दुसरा प्रश्न, जयंतीला होईल ना? जयंती तीन महिन्यांवर असते. शिल्पकार म्हणतो वर्ष लागेल, तर समिती दुसऱ्याकडे जाते, आणि दुसरा हो म्हणतो. मग मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता, त्यासाठी हेलपाटे, त्यात दोन महिने गेले की ओतकामाला राहतात चार आठवडे. हा वेळ भट्टीतून कापता येत नाही, साचा ओला राहिला तर जिवावर बेततं, म्हणून तो कापला जातो मेणातून, चेसिंगमधून आणि पॅटिनातून, म्हणजे नेमका जिथून कापलेला उद्घाटनाच्या दिवशी कुणाला दिसत नाही. मालवणला राजकोटवर ४ डिसेंबर २०२३ ला उद्घाटन झालेला ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला एकदम कळलं की पुतळ्याच्या आतही काहीतरी असतं. आधी कुणी विचारत नव्हतं.

उंचीच्या शर्यतीचा दुसरा परिणाम म्हणजे फार मोठं झालं की काम ओतारी आणि शिल्पकाराच्या हातातून निघून इंजिनिअरिंग कंपनीकडे जातं. सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा राम सुतारांनी केला, म्हणजे आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या माणसाने, पण अंगावरचे ब्राँझचे पॅनेल चीनमध्ये ओतले गेले. इंजिनिअरिंग म्हणून ते अचाट आहे, नाकारत नाही. पण तिथे तुम्ही त्याच्या नखाएवढे असता, त्यामुळे मघाशी सांगितलेला मेणातला ओठ आणि चेसिंगमधली मिशी हा विषयच उरत नाही.

आणि पोरं का येत नाहीत, तर कशाला येतील. शिल्पकलेचं शिक्षण घेतलेल्या पोराला सिनेमाच्या सेटवर, थीम पार्कमध्ये, गणपतीच्या सीझनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर मॉडेलिंग करून जे मिळतं ते चेसिंगला बसून मिळत नाही. ओतारी समाजातल्या घरांत पूर्वी घंटा, समया, देव ओतायचे, त्यांची पुढची पिढी आता दुसऱ्या धंद्यात आहे आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही, भट्टीसमोर उभं राहून बघा मे महिन्यात. तरीपण जी थोडी पोरं येतात ती चिवट असतात, आणि ज्या वेळी एखादं गिऱ्हाईक म्हणतं की घाई नाही, नीट करा, तेव्हा हीच पोरं असं काम काढतात की जुन्याच्या शेजारी ठेवावं. म्हणून मी म्हणतो हात गेलेला नाही.

आता पुतळा बघायचा कसा तेही सांगतो. पुतळ्याला प्रदक्षिणा घाला, समोरून सगळेच बरे दिसतात. हात बघा, बोटं केळ्यासारखी आलीयेत का, का मूठ खरंच काहीतरी आवळतेय. कानाच्या मागे, शालीची कड जिथे अंगाला लागते तिथे, घोड्याच्या पोटाखाली बघा, जिथे कुणी बघणार नाही असं वाटतं तिथे करणाऱ्याने किती जीव लावलाय त्यावरून बाकीचं कळतं. उन्हात तिरकस बघितलं की वेल्डिंगचे जोड रेषेसारखे उठून येतात. आणि तो घोड्याचा पाय वर म्हणजे स्वार जखमी वगैरे नियम विसरा, आपल्याकडे असा कुठलाही नियम पाळून पुतळे केलेले नाहीत, पाय वर असतो तो बहुतेक वेळा घोडा चालता दिसावा म्हणून, आणि बाकीच्या पायांत लोखंड किती घालता येतं त्यावर. सवड काढून सासवण्याचं करमरकरांचं संग्रहालय बघा, तिथे त्यांची सिमेंटमधलीही कामं आहेत, कोळीण, हमाल अशी साधी माणसं, आणि ती बघून चौकातल्या पुतळ्यांकडे बघायची नजर बदलते. गेटवेसमोरचा सदाशिव साठ्यांचा १९६१ चा शिवाजी महाराजांचा पुतळा सेल्फीच्या गर्दीत न बघता सकाळी लवकर जाऊन बघा. कोल्हापूरला टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकाडातून निघालेला रोमन पोसायडन आहे, इतका छोटा की लोक पुढे निघून जातात, पण उभा बघा कसा राहिलाय. चेन्नईला गेलात तर एग्मोरच्या म्युझियमची ब्राँझ गॅलरी चुकवू नका, तंजावरपेक्षा जास्त वेळ ठेवा.

आता घरासाठी मूर्ती. दुकानात एकाच साच्यातून काढलेल्या पितळी नटराजांची रांग असते, ते पितळ आहे, शोभेला ठीक. मेणाच्या पद्धतीने हाताने केलेली हवी असेल तर एकसारख्या दोन मूर्ती शेजारी ठेवायला सांगा, हातकामाच्या असतील तर बोटांत, नजरेत थोडा फरक दिसणारच. उलटी करून तळ बघा, भरीव आहे का पोकळ. वजनावर भाव सांगितला तर विचारा की काम किती दिवसांचं आहे, सांगणारा गडबडला तर समजा. पंचधातूत सोनं-चांदी आहे म्हणून जास्त पैसे मागितले तर ते धरू नका, असलंच तर नावापुरतं असतं, ते घालायचंच असेल तर स्थपती तुमच्यासमोर तुमच्या हातून मुशीत टाकायला लावतात. मोठ्यापेक्षा छोटी घ्या, एक वितीची पण चेहरा नीट झालेली. ऑर्डर देऊन करून घेणार असाल तर मेणाची अवस्था बघायला या असं म्हणणारा कारागीर धरा, तेव्हाच बदल सांगता येतात, धातूत आल्यावर काही होत नाही. आणि कुणी कानात येऊन सांगितलं की ही जुनी आहे, देवळातली आहे, जमिनीतून निघालीये, तर पाठ फिरवा. खोटी असेल तर पैसे गेले, आणि खरी असेल तर चोरीची असायची शक्यता जास्त, शंभर वर्षांवरच्या मूर्तींना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो, नोंदणी लागते, विकणाऱ्याकडे परवाना लागतो, आणि देशाबाहेर तर नेताच येत नाही. नव्या मूर्तीलाही बिल घ्या आणि त्यावर नवीन हस्तकला असं लिहून घ्या, विमानतळावर कामाला येतं.

घासायची मात्र नाही. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, वर्षातून एकदा पातळ मेणाचा हात द्या, बास.